रेडिओ ऊर्जासंकलनातील एकदिशकारक

रेडिओ ऊर्जासंकलनातील एकदिशकारक हा अँटेनाने टिपलेल्या अत्यल्प रेडिओ शक्तीचे एकदिश विजेत रूपांतर करणारा विद्युत् परिपथ होय. अत्यल्प म्हणजे येथे एक मिलिवॅटहून कमी, बहुधा काही मायक्रोवॅट एवढीच शक्ती अभिप्रेत असते; एक मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. अँटेना आणि एकदिशकारक यांच्या जोडीस 'रेक्टेना' ही संज्ञा रूढ आहे. वाहनांच्या काचेवरील फास्टॅग, मालाच्या खोक्यांवरील रेडिओ ओळखचिठ्ठ्या आणि बॅटरीविना काम करणारे काही संवेदक अशाच परिपथावर चालतात.

एकदिशकारक, म्हणजेच रेक्टिफायर, ही वस्तू तशी नित्याची आहे. मोबाइलच्या चार्जरमध्ये तो घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे एकदिश दाबात रूपांतर करतो. तेथे सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडले तरी त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. रेडिओ ऊर्जासंकलनात मात्र मुळात हाती येणारा दाबच याच्या कितीतरी खाली असतो. ५० ओहम संरोधाच्या केबलमधून एक मायक्रोवॅट शक्ती वाहत असता तिचा शिखरदाब अवघा १० मिलिव्होल्ट भरतो, म्हणजे वरील ०.७ व्होल्टचा सत्तरावा हिस्सा. एवढ्या दाबावर डायोडकडून काम कसे करून घ्यावे, हा या परिपथाच्या आराखड्यातील मूळ प्रश्न आहे. बाकीचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

इतिहास

धातूची तार आणि काही नैसर्गिक स्फटिक यांच्या स्पर्शबिंदूतून प्रवाह एका दिशेने सहज व उलट दिशेने कष्टाने वाहतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फेर्डिनांट ब्राउन यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अतिलघू रेडिओ तरंगांवर प्रयोग करताना गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडाचा स्फटिक, तरंगांचा शोधक म्हणून वापरला. त्याच्या अमेरिकी पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज करण्यात आला व ते १९०४ मध्ये मिळाले. पुढे याच तत्त्वावरचे स्फटिक रेडिओ घरोघरी पोहोचले. त्यांना बॅटरी नसे. कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातून जो आवाज येई, त्याची सारी ऊर्जा दूरच्या प्रक्षेपकाकडून अँटेनामार्गे आलेली असे. 'ऊर्जासंकलन' हा शब्द अलीकडचा असला, तरी ते काम स्फटिक रेडिओ शंभर वर्षांपूर्वी करीत होता. त्या काळी श्रवणयंत्रे मुद्दाम काही हजार ओहम संरोधाची घेत. कमी संरोधाचे यंत्र जोडले की आवाज विरून जाई. एकदिशकारकाला भारही जुळता लागतो, हा धडा त्या छंदिष्टांना अनुभवाने मिळालेला होता.

दाब वाढवणाऱ्या परिपथांचा उगम वेगळ्या गरजेतून झाला. स्वित्झर्लंडचे हाइनरिख ग्राइनाखर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डायोड व धारित्र, म्हणजे कपॅसिटर, यांच्या जोडणीतून दाब दुप्पट करणारा परिपथ मांडला आणि नंतर त्याच्या पायऱ्या वाढवल्या. जॉन कॉकक्रॉफ्ट व अर्नेस्ट वॉल्टन यांनी १९३२ मध्ये केंब्रिजला अशाच पायऱ्यांच्या परिपथातून काही लाख व्होल्ट मिळवून लिथियमचे अणुकेंद्रक फोडले. त्याबद्दल त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जॉन डिक्सन यांनी १९७६ मध्ये हीच कल्पना एकसंध चिपमध्ये बसेल अशा रूपात मांडली. लाखो व्होल्टसाठी जन्मलेली ही रचना आज मिलिव्होल्टच्या कामाला जुंपली जाते, आणि दोन्ही टोकांना ती सारखीच उपयोगी पडेल अशा समजुतीमुळे पुष्कळदा फसगत होते. त्याचा विचार पुढे केला आहे.

'रेक्टेना' ही संज्ञा अमेरिकी अभियंते विल्यम ब्राउन यांच्या कामातून आली. त्यांनी १९६४ मध्ये जमिनीवरून सोडलेल्या सूक्ष्मतरंगांच्या शक्तीवर एक लहान हेलिकॉप्टर अधांतरी ठेवून दाखवले. त्याच्या रेक्टेनामध्ये हजारो बारीक डायोड होते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटर अंतरावरून ३० किलोवॅटहून अधिक एकदिश शक्ती मिळवण्यात आली. भरपूर शक्ती पडत असलेल्या रेक्टेनाची कार्यक्षमता त्या दशकात ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. तेच तत्त्व आणि जवळपास तोच परिपथ वापरून एक मायक्रोवॅटपाशी आज दहा टक्के मिळाले तरी ते चांगले यश मानले जाते. दोषाचा काही भाग कारागिरीचा असतोही, परंतु खरे कारण डायोडच्या भौतिकीत आहे.

हवेत किती शक्ती असते

रेडिओ ऊर्जा दोन प्रकारे मिळते. एकात ती मुद्दाम पुरवली जाते, जसे टोलनाक्यावरील वाचकयंत्र फास्टॅगला पुरवते. दुसऱ्यात मोबाइलचे मनोरे, दूरचित्रवाणीची प्रक्षेपण केंद्रे, वाय-फाय अशा इतर कामांसाठी सोडलेल्या तरंगांतून मिळेल तेवढी वेचावी लागते. दोहोंतील फरक फार मोठा आहे.

पहिल्या प्रकाराचा हिशेब सोपा असतो. सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करणाऱ्या ४ वॅटच्या स्रोताइतका प्रभाव असलेले ८६६ मेगाहर्ट्झचे वाचकयंत्र घेतले, तर मोकळ्या जागेत ५ मीटरवरील साध्या अँटेनाला सुमारे १२० मायक्रोवॅट, १० मीटरवर सुमारे ३० मायक्रोवॅट आणि १०० मीटरवर ०.३ मायक्रोवॅट शक्ती मिळते. अंतर दहापट झाले की शक्ती शंभरपट घटते. आधुनिक ओळखचिठ्ठीच्या चिपला जागे होण्यास १० मायक्रोवॅट किंवा त्याहूनही कमी शक्ती पुरते, त्यामुळे टोलनाक्याच्या मार्गिकेत हा व्यवहार जमून जातो. फास्टॅग काचेवर चिकटवण्याची अट केवळ शिस्तीसाठी नाही. त्याची अँटेना काच पाठीशी धरूनच बेतलेली असते. हातात धरून दाखवलेल्या फास्टॅगची जुळवणी बोटांच्या सान्निध्याने बिघडते आणि शक्तीचा काही वाटा हातच शोषून घेतो.

दुसऱ्या प्रकाराविषयी लंडनच्या इंपिरिअल कॉलेजातील संशोधकांनी केलेली पाहणी उद्बोधक आहे. भुयारी रेल्वेच्या २७० स्थानकांबाहेर केलेली ही मोजमापे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात मनोऱ्यांकडून येणारी शक्ती सरासरीने दर चौरस सेंटिमीटरला ८४ नॅनोवॅट, ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ३६ नॅनोवॅट, तर वाय-फायची केवळ ०.१८ नॅनोवॅट भरली. १८०० मेगाहर्ट्झच्या साध्या द्विध्रुवी अँटेनाचे परिणामी क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे महानगराच्या रस्त्यावर एका अँटेनाला जेमतेम ३ मायक्रोवॅट मिळतात, तेही साऱ्या पट्ट्यात विखुरलेले.

या आकड्यांवरून एक प्रचलित भ्रम तपासून पाहता येतो. हवेतील लहरींवर मोबाइल चार्ज करण्याच्या चित्रफिती वारंवार फिरत असतात. ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या मोबाइल बॅटरीत सुमारे ६९,००० जूल ऊर्जा मावते. ३ मायक्रोवॅट शक्ती तसूभरही वाया न घालवता साठवली, तर ती भरण्यास सातशेहून अधिक वर्षे लागतील. याउलट, उपकरण निवडक असले तर हेच तत्त्व उपयोगी ठरते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यापासून ४.१ किलोमीटरवर दिशादर्शी अँटेना लावून सुमारे ६० मायक्रोवॅट एकदिश शक्ती मिळवण्यात आली आणि तिच्यावर तापमान दाखवणारे छोटे उपकरण चालवण्यात आले. हा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

डायोडचे वर्तन

शालेय पाठ्यपुस्तकात डायोड हा एकेरी मार्गावरील फाटकासारखा शिकवला जातो: ठरावीक दाबाखाली बंद, त्यावर उघडा. मोठ्या दाबांसाठी हे चित्र पुरेसे आहे. मिलिव्होल्टच्या प्रदेशात ते दिशाभूल करते. प्रत्यक्षात डायोडमधील प्रवाह दाबाबरोबर घातांकी वक्राने वाढतो. हा वक्र शून्य दाबापाशीही कोठे तुटत नाही. तो तेथे किंचित वाकलेला असतो, एवढेच. त्यामुळे ०.७ व्होल्टखाली डायोड 'चालतच नाही' हे म्हणणे चुकीचे आहे. तो चालतो, पण दोन्ही दिशांना जवळपास सारखाच चालतो. धन अर्धचक्रात गेलेला प्रवाह ऋण अर्धचक्रात परतलेल्या प्रवाहाहून किंचित जास्त असतो, आणि हा किंचित फरक हेच एकदिशकारकाचे सारे उत्पन्न होय.

वक्राच्या वाकण्याचे माप तापमान ठरवते. सामान्य तापमानास औष्णिक दाब सुमारे २६ मिलिव्होल्ट असतो. रेडिओ दाबाचे शिखर याहून बरेच लहान असेल, तर मिळणारा एकदिश प्रवाह दाबाच्या वर्गाच्या, म्हणजेच आत येणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात असतो. याला वर्ग नियम म्हणतात. त्यातून निघणारा आकडा लक्षणीय आहे: आदर्श डायोडसुद्धा सामान्य तापमानास दर मायक्रोवॅटमागे जास्तीत जास्त सुमारे १९.३ मायक्रोअँपिअर एवढाच एकदिश प्रवाह देऊ शकतो. डायोड कितीही महाग घेतला तरी, तो याच भौतिकीवर चालत असेल तोवर, ही मर्यादा ओलांडता येत नाही.

प्रवाह शक्तीच्या प्रमाणात असल्यामुळे भाराला मिळणारी एकदिश शक्ती आत येणाऱ्या शक्तीच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते, आणि कार्यक्षमता आत येणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात घटत जाते. आवक दहावा हिस्सा झाली की मिळकत शंभरावा हिस्सा होते. शून्य दाबाला सुमारे ५.४ किलोओहम रोध असलेला डायोड घेऊन बाकी सर्व गोष्टी निर्दोष मानल्या, तरी १० नॅनोवॅट शक्तीला कार्यक्षमता जेमतेम अर्धा टक्का येते. १०० नॅनोवॅटला ती साडेचार टक्क्यांच्या घरात जाते. तेथे वर्ग नियम ढिला पडू लागलेला असतो आणि पुढे वाढीचा वेगही मंदावतो. व्यवहारातील परिपथ १० मायक्रोवॅटला साधारण २० ते ४० टक्के कार्यक्षमता देतात.

डायोडची निवड

या कामासाठी बहुधा शॉटकी डायोड वापरतात. धातू व अर्धवाहक यांच्या संधीवर बनलेल्या या डायोडमध्ये विद्युत्भार साठून राहत नाही, त्यामुळे तो गिगाहर्ट्झ वारंवारतेलाही तालात चालतो. निवड करताना तीन गुणधर्म एकत्र पाहावे लागतात: संपृक्त प्रवाह, संधीची धारकता आणि डायोडच्या अंगचा एकसर रोध.

संपृक्त प्रवाह मोठा असला की शून्य दाबापाशी संधीचा रोध लहान राहतो. एसएमएस-७६३० या डायोडचा संपृक्त प्रवाह ५ मायक्रोअँपिअर आहे. त्यामुळे रोध वर म्हटल्याप्रमाणे ५.४ किलोओहमच्या आसपास येतो. एचएसएमएस-२८६० या दुसऱ्या परिचित डायोडचा संपृक्त प्रवाह ०.०५ मायक्रोअँपिअर आहे, आणि त्याचा रोध साडेपाच लाख ओहमच्या घरात जातो. सूत्रानुसार मोठा रोध फायद्याचा दिसतो, पण एवढ्या मोठ्या रोधाला रेडिओ शक्ती पोहोचवणारा जुळवणी परिपथ प्रत्यक्षात बनवता येत नाही. म्हणून अत्यल्प शक्तीसाठी पहिल्या जातीचे, 'शून्य अग्रदाबाचे' म्हणवले जाणारे डायोड निवडतात. अधिक शक्तीला दुसरा सरस ठरतो, कारण पहिला उलट दिशेने २ व्होल्टलाच कोलमडतो. साध्या परिपथात अशा डायोडकडून १ व्होल्टहून अधिक एकदिश दाब मिळत नाही. ५ किलोओहम भारावर ही सीमा ०.२ मिलिवॅटला गाठली जाते.

धारकता आणि एकसर रोध यांची जोडगोळी वारंवारतेबरोबर त्रासदायक होत जाते. संधीला समांतर असलेली धारकता रेडिओ प्रवाहाला आडवाट देते, आणि त्या आडवाटेने जाणारा प्रवाह एकसर रोधात उष्णता बनून संपतो. एसएमएस-७६३० ची धारकता ०.१४ पिकोफॅरड व एकसर रोध २० ओहम धरून हिशेब केला, तर ९०० मेगाहर्ट्झला संधीपर्यंत सुमारे ९३ टक्के शक्ती पोहोचते, २.४५ गिगाहर्ट्झला ६६ टक्के आणि ५.८ गिगाहर्ट्झला केवळ २६ टक्के. उंच वारंवारतेला अँटेना आटोपशीर होते हे खरे, पण त्याची किंमत येथे चुकवावी लागते. पिकोफॅरडच्या दहाव्या हिश्श्याची ही गोष्ट असल्याने पीसीबीवरील तांब्याचा अनावश्यक रुंद ठिपकाही हिशेब बिघडवू शकतो.

तापमानाचाही परिणाम होतो. उष्णतेने संपृक्त प्रवाह वाढतो व रोध घटतो. प्रयोगशाळेतील २५ अंशांना नेमका जुळवलेला परिपथ मे महिन्यातील पत्र्याच्या छपराखाली तसाच जुळलेला राहील असे नाही.

संरोध जुळवणी

अँटेना सामान्यतः ५० ओहमची, तर डायोड काही हजार ओहमचा व त्याला समांतर धारकता असलेला. सरळ जोडणी केल्यास बहुतेक शक्ती परावर्तित होऊन अँटेनाकडे परत जाते आणि पुन्हा प्रक्षेपित होते. म्हणून मध्ये प्रवर्तक, म्हणजे इंडक्टर, व धारित्र यांचा जुळवणी परिपथ घालतात.

या परिपथाचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे असून प्राथमिक लेखनात ते बहुधा दुर्लक्षित राहते. जुळवणी शक्ती वाढवत नाही, पण दाब वाढवते. ५० ओहमवर १० मिलिव्होल्ट असलेली एक मायक्रोवॅट शक्ती ५.४ किलोओहमवर नेली की तिचा शिखरदाब सुमारे १०४ मिलिव्होल्ट होतो. औष्णिक दाबाच्या निम्म्याहून खाली असलेला संकेत त्याच्या चौपट होतो आणि डायोड वर्ग नियमाच्या प्रदेशातून बाहेर पडू लागतो. दाब वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग असल्याने आराखड्याचा बहुतांश वेळ येथे खर्च करणे योग्य ठरते.

दाबवाढीला दोन बाजूंनी मर्यादा पडते. पहिली घटकांच्या दोषांची. बाजारातील लहान इंडक्टरचा गुणवत्ता गुणांक ९०० मेगाहर्ट्झला साधारण ५० असतो. आवरणाची धारकता धरून डायोडची एकूण धारकता ०.३ पिकोफॅरड मानल्यास जुळवणीला सुमारे ९ गुणांकाचा अनुनाद लागतो. म्हणजे ढोबळ मानाने १८ टक्के शक्ती इंडक्टरच्या तारेतच जाते. सर्वसाधारण ग्लास-एपॉक्सीच्या पीसीबीतील ऱ्हास यात आणखी भर घालतो.

दुसरी मर्यादा तात्त्विक असून हेन्ड्रिक बोडी व रॉबर्ट फॅनो यांच्या नावाने ओळखली जाते. रोध व समांतर धारकता ठरली की कितीही घटक वापरले तरी, किती रुंद पट्ट्यात किती चांगली जुळवणी शक्य आहे, हे ठरून जाते. वरील डायोडसाठी १०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात जवळपास पूर्ण जुळवणी तत्त्वतः शक्य आहे. ५०० मेगाहर्ट्झ रुंदी हवी असेल, तर किमान २९ टक्के शक्ती परावर्तित होणारच; १ गिगाहर्ट्झला हा वाटा ५४ टक्के होतो. 'सर्व लहरी एकाच परिपथात गोळा करण्याची' कल्पना आकर्षक वाटली तरी ती येथे अडते. म्हणून परिसरातील ऊर्जा वेचणारे उपकरण बहुधा प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र शाखा ठेवून त्यांचे एकदिश उत्पन्न एकत्र करते.

डायोड एकरेषीय नसल्याने त्याचा संरोध आत येणाऱ्या शक्तीबरोबर आणि भाराबरोबर बदलतो. त्यामुळे जुळवणी नेहमी एका अपेक्षित शक्तीसाठी केलेली असते. तो आकडा आधी ठरवणे, आणि तो प्रामाणिकपणे लहान धरणे, ही आराखड्याची पहिली पायरी होय.

पायऱ्या वाढवाव्यात का

चिप चालवण्यास साधारण १ ते २ व्होल्ट लागतात. १० मायक्रोवॅटची ३० टक्के शक्ती ५ किलोओहम भारावर मिळाली तरी दाब सुमारे ०.१२ व्होल्टच येतो. ही तूट भरण्यासाठी ग्राइनाखर किंवा डिक्सन पद्धतीच्या अनेक पायऱ्या रचण्याचा मोह होतो. चार पायऱ्या घेतल्या की दाब चौपट होईल, असा सरळ हिशेब मांडला जातो.

शक्ती मुबलक असता हा हिशेब बरोबर असतो. वर्ग नियमाच्या प्रदेशात तो साफ चुकतो. सर्व डायोड रेडिओ संकेताला समांतर जोडलेले असतात, त्यामुळे आलेली शक्ती त्यांच्यात वाटली जाते. आठ डायोड असतील तर प्रत्येकाला आठवा हिस्सा मिळतो. वर्ग नियमानुसार प्रत्येकाचा खुला दाबही आठवा हिस्सा होतो, आणि आठ दाबांची बेरीज मूळ एका डायोडइतकीच भरते. दाब वाढत नाही. एकदिश बाजूचा अंतर्गत रोध मात्र आठपट होतो व भाराला मिळू शकणारी कमाल शक्ती एक अष्टमांश राहते. म्हणून एक मायक्रोवॅट व त्याखाली एकच डायोड, फार तर दोन डायोडांचा दुप्पटकारी परिपथ, सर्वांत सरस ठरतो. विद्यार्थी प्रकल्पांत सात-आठ पायऱ्यांची शिडी अनेकदा आढळते, आणि ती अपेक्षेप्रमाणे न चालण्याचे कारण बहुधा सुटे भाग किंवा झाळणकाम यांत शोधले जाते.

उरलेली दाबवाढ एकदिश बाजूला, दाबवर्धक रूपांतरकाकडून करून घेणे श्रेयस्कर असते. हा रूपांतरक भाराचा रोध बदलता ठेवून एकदिशकारकाला त्याच्या सोयीच्या बिंदूवर चालवू शकतो. अडचण एवढीच, की तो प्रथम जागा होण्यासाठी स्वतःलाच काही शे मिलिव्होल्ट मागतो.

चिपमधील एकदिशकारक

ओळखचिठ्ठीच्या चिपमध्ये डायोडऐवजी डायोडसारखे जोडलेले ट्रान्झिस्टर वापरणे स्वस्त पडते. त्यांचा उंबरठादाब काही शे मिलिव्होल्ट असल्याने तो भरून काढण्याच्या युक्त्या निघाल्या. २००३ मध्ये कार्टहाउस व फिशर यांनी १६.७ मायक्रोवॅटवर चालणारी ओळखचिप प्रसिद्ध केली. तिच्यात शॉटकी डायोड होते. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ट्रान्झिस्टरच्या तरंगत्या द्वारावर आधीच विद्युत्भार साठवून उंबरठा खाली आणला आणि ५.५ मायक्रोवॅटवर १ व्होल्ट मिळवला. जपानमधील कोतानी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये चार ट्रान्झिस्टरांची परस्परांचे द्वार चालवणारी रचना मांडली. ९५३ मेगाहर्ट्झला, सुमारे ५६ मायक्रोवॅट शक्तीवर, तिची कार्यक्षमता ६७.५ टक्के भरली. चांगली चालू असताना उलट गळती वाढू न देणे हे या रचनेचे मर्म आहे. उंबरठा फार खाली नेला की ट्रान्झिस्टर उलट दिशेनेही वाहू लागतो आणि मिळवलेले परत जाते.

साठवण

मिळालेली ऊर्जा थेट वापरण्याइतकी नसते. ती धारित्रात साचवून थोडा वेळ खर्च करावी लागते. १०० मायक्रोफॅरडचे धारित्र ३ व्होल्टवरून २ व्होल्टवर उतरले की २५० मायक्रोजूल मिळतात. एक मायक्रोवॅट निव्वळ उत्पन्नावर ते पुन्हा भरण्यास २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून थोडे अधिक लागतात. या काळात उपकरण निद्रिस्त राहते. येथे गळतीकडे लक्ष द्यावे लागते. साध्या इलेक्ट्रोलिटिक धारित्राची गळती एक मायक्रोअँपिअरपर्यंत सहज जाते, आणि २ व्होल्टला ती २ मायक्रोवॅट खाते. म्हणजे उत्पन्न एक व खर्च दोन. असे धारित्र कधीच भरत नाही. सिरॅमिक किंवा कमी गळतीचे धारित्र घेतल्यास हा प्रश्न सुटतो.

मोजमाप

या परिपथांच्या कार्यक्षमतेचे प्रसिद्ध आकडे एकमेकांशी ताडून पाहताना सावध राहावे लागते. काही लेखक अँटेनावर आलेली सर्व शक्ती हिशेबात धरतात, तर काही परावर्तित शक्ती वजा करून उरलेलीच धरतात. दुसऱ्या पद्धतीने जुळवणीचा दोष आकड्यातून नाहीसा होतो. संकेताचा आकारही फरक पाडतो. एकाच वारंवारतेच्या शुद्ध तरंगाऐवजी अनेक जवळच्या वारंवारतांचा, उंच शिखरे असलेला संकेत दिला, तर सरासरी शक्ती तीच राहूनही अल्प शक्तीला कार्यक्षमता वाढते, कारण वर्ग नियमात शिखरांचे पारडे जड असते.

सर्वांत अधिक फसवा आकडा खुल्या दाबाचा. बहुमापकाचा, म्हणजे मल्टिमीटरचा, अंतर्गत रोध बहुधा १० दशलक्ष ओहम असतो. त्यावर २ व्होल्ट दिसले तरी प्रत्यक्ष शक्ती ०.४ मायक्रोवॅटच असते. ठरावीक रोध भार म्हणून जोडून त्यावरील दाब मोजणे हाच ग्राह्य मार्ग आहे. मल्टिमीटरच्या लांब तारा स्वतःच अँटेना बनून वाचनात भर घालतात. जनित्र बंद करून वाचन शून्यावर येते का, हे पाहिले की ते कळते. ऑसिलोस्कोपचा साधा शोधक डायोडच्या रेडिओ बाजूला टेकवणे टाळावे. त्याची १० पिकोफॅरडच्या आसपासची धारकता ०.३ पिकोफॅरडच्या परिपथाला पूर्णपणे झाकून टाकते.

आत येणारी शक्ती, वारंवारता, भाराचा रोध आणि संकेताचा आकार हे चारही दिलेले नसतील, तर एकदिशकारकाच्या कार्यक्षमतेचा टक्का तुलनेसाठी निरुपयोगी ठरतो. १ मिलिवॅटला ७० टक्के देणारा परिपथ १ मायक्रोवॅटला काय करील, हे त्या ७० वरून सांगता येत नाही.